गावी कळविण्याची गरज नाही

पांढऱ्या बिनबाह्यांच्या सदऱ्याचे पैसे देत असताना दुकानातल्या बाईंनी, कपडा कसा धुवावा हे सांगावे इतक्या सहज स्वरात सांगितले की वाटेत मरण आले, तर हाच सदरा प्रेतवस्त्र म्हणून चालतो. जपानमधल्या शिकोकू बेटावरच्या ८८ बौद्ध मंदिरांच्या यात्रेतले हे पहिले मंदिर, र्योझेनजी. आपल्याकडच्या गृध्रकूट पर्वताच्या नावावरून त्याचे नाव पडले आहे. वेताची टोपी पूर्वी शवपेटीवर झाकण म्हणून ठेवीत, आणि हातातली काठी, म्हणजे कोंगोझुए, ज्याला जिथे मृत्यू येई तिथे त्याच्या थडग्यावर खूण म्हणून रोवीत. काठीचे वरचे टोक खाचा पाडून पाच भागांत कोरलेले असते आणि तिथे पंचमहाभूतांची पाच बीजाक्षरे सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीत लिहिलेली असतात. अ, व, र, ह, ख. लिपी ओळखीची नव्हती. अक्षरे मात्र आपलीच होती.

जपानमधल्या अनित्यतेविषयी लिहिताना बहुतेक जण साकुराच्या, म्हणजे चेरीच्या, झाडाखाली जाऊन बसतात. तोक्योत राहू लागल्याला मला अकरा वर्षे झाली आणि निळ्या ताडपत्रीवर बसून गळत्या फुलांकडे पाहणारी वसंतातली गर्दी मला आवडतेही. पण पाकळी आपली कोणी नसते, त्यामुळे तिच्यासाठी हळहळणे फारसे अवघड जात नाही. ‘मुजो’ हा शब्द जपानीत ‘अनित्य’ या संस्कृत शब्दाचे भाषांतर म्हणून रुजला. त्याचा व्यवहारातला अर्थ मला या वाटेवर कळला, जिथे माणसे आपल्या अंत्यविधीचे सामान अंगावर घालून चालतात आणि दुपारी दुकानाच्या पायरीवर बसून त्याच वेषात भाताचे गोळे खातात.

मी चालायला निघाले ते आईसाठी. मे २०२१ मध्ये ती कराडला गेली, तेव्हा विमाने आणि सीमा यांची अशी अवस्था होती की मी निघाले असते तरी वेळेत पोचले नसते, आणि पोचले असते तर परत कधी येता आले असते याची शाश्वती नव्हती. दहाव्याचा विधी दादाने प्रीतिसंगमावरून फोनवर दाखविला. पिंड ठेवला, सगळे मागे सरले, आणि नेमके तेव्हाच चित्र अडकले. पुन्हा हलले तेव्हा पिंडाला कावळा शिवून गेला होता आणि दादा डोळे पुसत म्हणत होता, “बघितलंस ना गं?” मी हो म्हणाले.

या वाटेवर चालणाऱ्याला ‘हेन्रो’ म्हणतात. संपूर्ण प्रदक्षिणा सुमारे १,२०० किलोमीटरची आहे आणि पायी ती पुरी करायला साधारण दीड महिना लागतो. नोकरी करणारे लोक ती तुकड्यातुकड्याने करतात, तशी मीही फक्त तोकुशिमा प्रांतातली २३ मंदिरे ठरविली होती. शिकोकूच्या चार प्रांतांना यात्रेतल्या चार अवस्थांची नावे आहेत. तोकुशिमा म्हणजे बोधिचित्त, ज्ञानाची ओढ, जागे होण्याची जागा आणि शेवटचा कागावा म्हणजे निर्वाण. ही परंपरा याच बेटावर जन्मलेले बौद्ध भिक्षू कूकाई (७७४–८३५) यांच्या नावाने चालते. त्यांना लोक कोबो दाइशी म्हणतात. ते प्रत्येक यात्रेकरूबरोबर चालतात अशी श्रद्धा आहे आणि काठी म्हणजे प्रत्यक्ष तेच. म्हणून मुक्कामी पोचल्यावर आपले पाय धुण्याआधी काठीचे टोक धुवायचे असते, आणि पुलावर ती टेकवायची नसते, कारण एकदा दाइशींना पुलाखाली रात्र काढावी लागली होती आणि न जाणो, आजही खाली ते झोपलेले असतील. पहिल्या दोन दिवसांत मी हे चार वेळा विसरले आणि चारही वेळा पुलाच्या मधोमध ओशाळून काठी उचलली.

प्रत्येक मंदिरात प्रज्ञापारमिताहृदय सूत्र म्हणायचे असते. चिनीतले हे सूत्र जपानी तोंडातून येताना ओळख हरवून बसते. शेवटचा मंत्र मात्र लपत नाही. “ग्यातेइ ग्यातेइ हारा ग्यातेइ.” गते गते पारगते. हे रूप कसे लावायचे याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, पण ते स्त्रीलिंगी संबोधनही मानता येते. पाचव्या-सहाव्या मंदिरात माझ्या कानाने परस्परच मराठी करून टाकले: गेली, गेली, पलीकडे गेली. त्यानंतर ती ओळ आली की माझा आवाज मागे पडू लागला आणि शेजारचे आजोबा काही न विचारता ती ओळ थोडी सावकाश म्हणू लागले.

अकराव्या मंदिरापासून बाराव्या शोसानजीपर्यंतच्या डोंगरवाटेला ‘हेन्रोला लोळविणारी’ म्हणतात, आणि ते खरे आहे. तिचे वर्णन मी करीत बसत नाही. शोसानजीहून उतरताना लागणारे जोशिन-आन हे लहानसे देऊळ मात्र सोडवत नाही. एमोन साबुरो नावाच्या श्रीमंत माणसाने दारात आलेल्या भिक्षूचे पात्र फोडले, त्याचे आठ तुकडे झाले, आणि पुढे त्याची आठही मुले एकामागून एक वारली, अशी दंतकथा आहे. तो भिक्षू म्हणजे दाइशी होते असे उमगल्यावर त्याने क्षमा मागण्यासाठी त्यांच्यामागे वीस प्रदक्षिणा घातल्या आणि एकविसावी उलटी घातली. याच ठिकाणी तो कोसळला तेव्हा ते भेटले. थडग्यावर रोवलेल्या त्याच्या काठीचा पुढे देवदारासारखा सुगी वृक्ष झाला. कथेत मुले परत येत नाहीत. बापाला क्षमा मिळते, पुढचा चांगला जन्मही मिळतो, पण ती आठ मुले गेली ती गेलीच, आणि या कथेवर माझा विश्वास बसतो तो एवढ्याचसाठी. (मुलांचा दोष काय, हा प्रश्न मी तिथे बसून दाइशींना विचारला, काठी गप्प राहिली.)

त्याच उताराच्या पुढे, झाडीत, शेवाळलेले गुडघाभर उंचीचे दगड दिसू लागले. ती हेन्रोंची थडगी होती. एदो काळात (१६०३–१८६८) प्रवासाला परवाना लागे, आणि तो बहुधा गावचा मुखिया किंवा कुलाचे मंदिर देई. बरे न होणारे आजारी, महारोगी, घरात जागा न उरलेली माणसे यांच्यापैकी कित्येक जण परत न येण्यासाठीच निघत. त्यांच्या परवान्यात लिहिलेले असे की हा माणूस वाटेत मेला, तर तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याची व्यवस्था लावावी, गावी कळविण्याची गरज नाही. पूर्वी हे वाक्य मला निर्दय वाटले होते. त्या दगडांपुढे उभी असताना त्याचा पहिला अर्धा भाग ध्यानात आला: तिथल्या रिवाजाप्रमाणे. म्हणजे अनोळखी गावाने खड्डा खणला, दगड आणला, कोणी तरी पाणी ठेवले. एका दगडासमोर त्या दिवशीही काचेच्या छोट्या पेल्यात पाणी होते, ताजे, त्यात एक मुंगी तरंगत होती. मी ती काडीने बाहेर काढली. मला तर कळविले होते, क्षणाक्षणाचे दाखविले होते, आणि तरी तिकडच्या घाटावर मी नव्हते.

आठव्या दिवशी मी समुद्राजवळच्या गावी, तेविसाव्या याकुओजीपाशी, थांबले. खानावळवजा घर चालविणाऱ्या वृद्ध बाईंनी दारातच काठी माझ्या हातातून घेतली, बादलीतल्या पाण्यात टोक बुडवून चोळले आणि फडक्याने टिपले. टोकाच्या लाकडाचे तंतू सुटून त्याचा कुंचल्यासारखा झुपका झाला होता. मी कात्री मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “ओहेन्रो-सान, दाइशींना कात्री लावायची नसते,” आणि अंगणातल्या दगडावर घासून त्यांनी तो झुपका बसवून दिला. पुढच्या वसंतात चोविसाव्या मंदिराकडे जाताना पुन्हा इथेच उतरेन, असे मी म्हणाले. या शरद ऋतूत घर बंद करणार, मुलगा ओसाकाला असतो, असे त्यांनी सांगितले आणि लगेच विचारले की माशात हळद-मिठाशिवाय काही चालते का. त्यांच्याकडे पूर्वी एक भारतीय उतरला होता म्हणे.

रात्री काठी खोलीच्या कोनाड्यात, चित्राखाली, उभी करून ठेवली होती. निजण्यापूर्वी दादाला फोन केला आणि त्या दिवशी नेमके ते पाहायचे राहिले होते, हे त्याला सांगितले. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग कावळा कुठल्या बाजूने आला, किती वेळ थांबला, आधी भाताला शिवला की वड्याला, हे सगळे त्याने मला सावकाश सांगितले.