अर्धी किल्ली

गाडीचं ऑइल वेळच्या वेळी बदललं जातं, चाकांत हवा भरली जाते, ब्रेक कुरकुरायला लागले की मेकॅनिककडे चक्कर होते. किल्लीची सर्व्हिसिंग मात्र कोणी करून घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. उलट तिच्याकडून नको ती कामं करून घेतली जातात. कुरिअरच्या खोक्याची चिकटपट्टी फाडायला किल्ली, रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला किल्ली, आणि कान कोरणारे महाभागही आपण सगळ्यांनी पाहिलेत. वर तिच्या सोबतीला घराची किल्ली, ऑफिसच्या कपाटाची किल्ली, नेलकटर आणि कुठल्यातरी देवस्थानाहून आणलेलं जाडजूड पदक. गाडी खड्ड्यातून गेली की हा सगळा लवाजमा हिंदकळतो आणि प्रत्येक हिसका बसतो तो किल्लीच्या मानेला.

म्हणूनच ‘अहो, अचानक तुटली’ असं कोणी म्हणालं की मला आधी तुटलेलं तोंड बघावंसं वाटतं. उजेडात धरलं तर बहुतेक वेळा तिथे दोन रंग दिसतात. काठाचा भाग काळपट, मळकट. उरलेला लख्ख पिवळा. पिवळा भाग आजचा. काळपट भाग म्हणजे कधीचीच पडलेली चीर, जिच्यात घाम आणि पावसाचं पाणी मुरत होतं. बऱ्याच किल्ल्या पितळेच्या असतात आणि वर निकेलचा पांढरा मुलामा. पितळ कापायला सोपं, गंजायचं भय नाही, पण पोलादापुढे मऊच. त्यात दाते कापलेले. जिथे खाच सगळ्यात खोल, तिथे धातू सगळ्यात कमी, आणि किल्ली मोडते ती बहुधा तिथेच. मुलामा उडून पिवळं दिसायला लागलं की किल्लीचे दिवस भरत आलेत असं खुशाल समजावं.

आता दुचाकीची किल्ली इतकी का मोडते? गाडी सुरू करण्याचे कष्ट काही तिच्यावर नसतात. मोटारीत किल्ली फिरवूनच इंजिन सुरू करायची सोय क्रायस्लर कंपनीने 1949 साली आणली. त्याआधी किल्लीने फक्त वीज चालू व्हायची आणि स्टार्टर वेगळा दाबायचा. आपली स्कूटर अजून त्या जुन्याच पद्धतीने चालते. किल्लीने ‘ऑन’ करायचं, मग किक किंवा बटण. आणि गंमत अशी की महागड्या मोटारी आता बटणावरच परत आल्यात. तेव्हा दोष इंजिनाचा नाही, हँडल लॉकचा. किल्ली आत दाबायची आणि दाबलेली ठेवून फिरवायची. हँडल पूर्ण वळलेलं नसेल किंवा चाक फुटपाथला टेकून हँडलचा भार लॉकच्या दांड्यावर आला असेल, तर ती फिरत नाही. अशा वेळी डाव्या हाताने हँडल जरासं हलवायचं असतं. आपण किल्लीला जोर लावतो.

आमच्या शेजारच्या काकांनीही तेच केलं. पार्किंगमधून ‘कट्’ असा आवाज आला आणि किल्लीचं प्लास्टिकचं डोकं त्यांच्या हातात राहिलं. पाती आत. पाच मिनिटांत वॉचमन, दूधवाला, तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर आणि क्रिकेट सोडून आलेली पोरं, सगळे जमले. एकाने स्पीकरमधलं लोहचुंबक आणलं. पितळ चुंबकाला दाद देत नाही हे इंजिनिअरसाहेबांनी पुराव्यानिशी सांगितलं, तरी चुंबक लावून बघण्यात आलंच. खोबरेल तेलाची सूचना आली. तेल घातल्यावर क्षणभर बरं वाटतं, पण मग त्यावर धूळ बसून आत चिखल होतो. कुलपाला कोरडं वंगण बरं, म्हणजे ग्राफाइटची पूड. सगळ्यात घातक सूचना होती काडीच्या टोकाला फेव्हिक्विक लावून तुकड्याला चिकटवायची. डिंक तुकड्याला चिकटेल की कुलपाला हे तो आपल्याला विचारून ठरवत नाही.

‘काका, तुम्ही काही करू नका, मी चावीवाल्याला घेऊन येतो,’ असं दूधवाला म्हणाला, तेव्हा कुठे लोकांचे हात थांबले.

तो येईपर्यंत इंजिनिअरसाहेबांनी कुलपाचं पोट समजावून दिलं, आणि हे मात्र ऐकण्यासारखं होतं. गाडीच्या कुलपात आतल्या नळकांड्याला पातळ पितळी पत्र्या बसवलेल्या असतात, प्रत्येकीमागे एकेक बारीक स्प्रिंग. किल्ली नसताना पत्र्यांची टोकं बाहेर येऊन नळकांडं अडवून धरतात. बरोबर किल्ली गेली की तिच्या खाचांप्रमाणे सगळ्या पत्र्या एका पातळीत येतात आणि नळकांडं फिरतं. पत्र्यांना किल्लीच्या पात्याशी काम, डोक्याशी नाही. म्हणजे तुकडा पूर्ण आत असेल तोवर कुलपाच्या लेखी किल्ली लावलेलीच आहे. बारीक पेचकस घालून कोणीही ते फिरवू शकतो! ‘म्हणजे कोणीही गाडी नेईल?’ काकांनी विचारलं आणि ते स्कूटरला जरा टेकूनच उभे राहिले.

चावीवाला आला तो लाकडी पेटी घेऊन. आपल्याकडे शहरांत या धंद्यात शिकलगार समाजाचे कारागीर बरेच दिसतात; हत्यारांना धार आणि झिलई देणं हे त्यांचं पिढीजात काम, त्यामुळे धातू हाताला ओळखीचा. याने मान वर करून कोणाकडे पाहिलंही नाही. आधी पेचकसाच्या टोकाने कुलूप हलकेच ‘ऑफ’वर आणलं, कारण किल्ली जिथे आत जाते तिथूनच ती बाहेर येते, मधल्या जागी कितीही ओढली तरी कुलूप तिला सोडत नाही. मग कुलपाच्या तोंडात कसलासा फवारा, आणि पेटीतून निघाली कोरीवकामाच्या करवतीची जुनी पाती, घासून घासून सुईएवढी केलेली. करवतीचे दात स्वतःकडे वळवून त्याने ती तुकड्याच्या खाचांच्या बाजूने आत सरकवली, जराशी पिळली आणि ओढली. तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा बाहेर आला आणि थांबला. बघ्यांतून ‘ओढा, ओढा’ असा गलका झाला. तो ओढेना. दुसरी पाती दुसऱ्या बाजूने घातली, दोन्ही एकत्र धरल्या आणि तुकडा सरळ बाहेर काढून काकांच्या तळव्यावर ठेवला. तोंड निम्मं काळं होतंच.

मग दोन्ही तुकडे वाइसमध्ये टोकाला टोक लावून बसवले, शेजारी कोरी किल्ली धरली आणि कानस चालू झाली. पितळेचा भुगा सोन्यासारखा उडत होता. तयार किल्ली कुलपात घालून जरा हलवली, बाहेर काढून उजेडात तिरकी धरली. जिथे पत्री घासून बारीकशी खूण उमटली होती, तिथेच दोन हात कानस, पुन्हा कुलपात. नकलेवरून केलेली नक्कल दर खेपेला थोडी चुकत जाते, असं तो म्हणाला. पुढच्या वेळी कंपनीची मूळ किल्ली आणा. नव्या गाडीच्या किल्ल्यांबरोबर नंबर कोरलेला छोटासा पत्रा येतो, त्यावरूनही किल्ली बनते. तो कुठे असतो हे जमलेल्यांपैकी एकालाही सांगता आलं नाही. मोटारवाल्यांना त्याने आणखी एक सांगितलं: मोडलेलं डोकं फेकू नका. पुष्कळ मोटारींत चिप त्या प्लास्टिकमध्ये असते, आणि ती नसेल तर नुसत्या पात्याने कुलूप फिरेल पण इंजिन सुरू होणार नाही.

पैशांची घासाघीस रीतसर झाली. काकांनी शहाणपण करून एकाऐवजी दोन किल्ल्या करून घेतल्या. पहिली नेलकटर आणि पदकाच्या रिंगमध्ये गेली. दुसरी हरवू नये म्हणून त्यांनी सीट उघडलं, ती डिकीत कागदपत्रांखाली नीट ठेवली आणि सीट खाली दाबून लॉक केलं.