पहिली तीन मिनिटं

कुर्ल्याला मी ज्या डाइंगच्या कारखान्यात बॉयलर अटेंडंट होतो, त्याच्या पूर्वेला कंपाउंडच्या भिंतीला लागून दुमजली चाळ होती. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की आमच्या चिमणीचा धूर सरळ त्या चाळीवर उतरायचा. १९९६ च्या हिवाळ्यात एका दुपारी तिथल्या एक मावशी उशीचा अभ्रा घेऊन गेटवर आल्या. "दादा, आज सकाळीच धुतलाय," एवढंच म्हणाल्या आणि अभ्रा माझ्या हातात दिला.

त्यावर काळे ठिपके होते. मी एक ठिपका झटकला, तो गेला नाही. बोटाने चोळला तर तेलकट डाग पसरला. कोरडी राख असती तर फुंकरीने उडाली असती. हा कोळशातला डांबरासारखा भाग होता, भट्टीत जळायला हवा होता तो न जळता त्यांच्या दोरीवर येऊन बसला होता. मला फार वाईट वाटलं. भट्टी माझ्या ताब्यात होती, त्या अभ्र्यासाठी दुसरं कुणी जबाबदार नव्हतं.

बॉयलर तसा लहान, ताशी एक टन वाफेचा. आत गोल भट्टी, पाच फूट लांबीची जाळी, जाळीच्या शेवटी विटांचा ब्रिज (बुटकी आडवी भिंत) आणि त्याच्या मागे धुराच्या नळ्या. कोळसा हाताने, फावड्याने. दिवसाला दीड टनाच्या आसपास जायचा. त्याच महिन्यात धुराबद्दल नोटीसही आली होती. ऑफिसात ठरत होतं की चिमणी आणखी वीस फूट वाढवायची. मी साहेबांना म्हटलं, "धूर तेवढाच राहील, फक्त लांबच्या चाळीवर पडेल. मला दोन महिने द्या." त्यांनी दिले.

धुराची तक्रार मुंबईला नवी नाही. धुराच्या उपद्रवाविरुद्धचा मुंबईचा कायदाच १९१२ सालचा आहे. माझे बाबा लालबागच्या एका गिरणीत फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, होते, १९८२ च्या संपापर्यंत. त्यांच्याकडे लँकेशायर बॉयलर होते, एकेका बॉयलरला दोन-दोन भट्ट्या. नोटीस आल्यावर मी त्यांना विचारायला गेलो तेव्हा त्यांनी आधी मलाच विचारलं, "एका वेळी किती फावडी टाकता?"

"दहा-बारा."

"आणि परत कधी?"

"वीस मिनिटांनी."

बाबा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आग झाकून टाकता आणि मग धूर का म्हणून विचारता. आम्हाला दोन्ही भट्ट्यांत एकदम कोळसा टाकायची बंदी होती. एकीत टाकला की दुसरी लाल असलीच पाहिजे."

यामागचं कारण मला पुढे कळलं. फेअरबेर्न आणि हेदरिंग्टन यांनी १८४४ मध्ये दोन भट्ट्यांच्या त्या बॉयलरचं पेटंट घेतलं, तेव्हा धूर कमी करणं हाही त्यातला एक हेतू होता. एका भट्टीत ताजा कोळसा धुमसत असताना दुसरी लालभडक असते, दोन्हींचे वायू मागे एकत्र येतात आणि एकीतल्या जास्तीच्या गरम हवेवर दुसरीतला न जळलेला वायू जळतो. बाबांना पेटंट ठाऊक नव्हतं, नियम मात्र तोंडपाठ होता.

आमच्याकडे भट्टी एकच. तरीही त्यांनी युक्ती सांगितली: जाळीचे मनातल्या मनात उभे दोन भाग करायचे, आता डावीकडे टाकायचा, पुढच्या खेपेला उजवीकडे. अर्धी आग कायम लाल राहते.

हे लगेच सुरू करता आलं असतं. पण नुसतं "बाबा सांगतात" म्हणून आमच्या दोन फायरमनना मी दुप्पट काम सांगणार नव्हतो. आधी भट्टीत काय चाललंय ते मोजायचं होतं. एका इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर ओळखीचे होते. ते धुरातले वायू मोजायचं त्यांचं ओर्सॅटचं यंत्र लाकडी पेटीतून घेऊन आले. काचेच्या नळ्या आणि तीन द्रावणं: पोटॅशचं द्रावण कार्बन डायऑक्साइड शोषतं, पायरोगॅलॉलचं ऑक्सिजन आणि क्युप्रस क्लोराइडचं कार्बन मोनॉक्साइड. चिमणीच्या तोंडाशी भोक पाडून सरांनी धूर रबरी फुग्यात भरून घेतला आणि शेडच्या कोपऱ्यात बसून मोजायला लागले.

एकच नमुना घेऊन ते थांबले असते तर आम्ही चुकीच्या रस्त्याला लागलो असतो. त्यांनी दोन घेतले. पहिला कोळसा टाकून दार लावल्यावर मिनिटभरात, दुसरा त्यानंतर पंधरा मिनिटांनी. पहिल्यात ऑक्सिजन जेमतेम ३ टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड २ टक्क्यांवर. दुसऱ्यात ऑक्सिजन १४ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड अवघा ५.

सरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "या एका फेरीत तुमच्याकडे दोन वेगळ्या भट्ट्या आहेत. एकीचा श्वास कोंडतोय आणि दुसरीत नुसता वारा वाहतोय."

मी पुन्हा भट्टीसमोर जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी पहिल्यांदा हातात घड्याळ धरून, निळी काच डोळ्याला लावून मी पाहिलं. फायरमनने बारा फावडी टाकली, दार लावलं. लाल आगीवर काळी चादर पडली. काही सेकंदांत त्या चादरीतून पिवळट, दाट वाफारे उठायला लागले. ज्वाला लांब, काळपट लाल, टोकाला काजळी घेऊन ब्रिजवरून मागे चालली होती. बाहेर येऊन वर पाहिलं तर चिमणीतून काळा लोट. रिंगेलमन चार्टवर धरला तर ४ नंबरच्या जवळ. (पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या छापलेला हा चार्ट असतो. ० म्हणजे धूर नाही, ५ म्हणजे ठार काळा.) तीन मिनिटांनी तो २ वर आला, सहाव्या मिनिटाला १ च्या खाली. नंतरची चौदा मिनिटं चिमणी जवळजवळ साफ होती. म्हणजे चाळीवर पडणारा बहुतेक सगळा धूर दर फेरीच्या पहिल्या तीन मिनिटांतला होता.

कारण समजून घेतल्यावर फार साधं वाटलं. दगडी कोळसा तापला की आधी त्यातला वायू सुटतो. वजनाचा चांगला मोठा हिस्सा असा वायू होऊन निघतो आणि तो जळायला हवा आगीच्या वरून लागते. आम्ही नेमकं त्याच क्षणी जाड थर टाकून खालून येणारी हवा अडवत होतो आणि वरून हवा द्यायची सोयच नव्हती. वायू तसाच पुढे जायचा. मागे नळ्यांभोवती पाणी, म्हणून नळ्या ज्वालेच्या मानाने थंड. ज्वाला तिथे टेकली की विझायची आणि काजळी सुटायची. एकदा काजळी सुटून थंड झाली की ती परत जळत नाही. वीस मिनिटांच्या शेवटी मात्र थर जळून विरळ व्हायचा, मध्येमध्ये जाळी उघडी पडायची आणि लागते त्याहून किती तरी जास्त हवा आत शिरून आपली उष्णता घेऊन चिमणीतून निघून जायची. आमच्याकडे हवा कमी नव्हती. हवी तेव्हा आणि हवी तिथे ती नव्हती.

सरांनी आणखी एक आकडा फळ्यावर लिहिला, तो मी पुढे प्रत्येक नव्या फायरमनला सांगत आलो. एक किलो कार्बन पूर्ण जळला तर ८०८४ किलोकॅलरी मिळतात, अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड झाला तर फक्त २४३०. कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही. काळा धूर ही त्यातली दिसणारी बाजू.

पहिली दुरुस्ती फुकटची होती. भट्टीच्या दाराभोवतीच्या आणि मागच्या विटांतल्या फटी आम्ही फायरक्लेने बुजवल्या. फट शोधायला पेटती मेणबत्ती धरायची. ज्योत आत ओढली गेली की तिथे गळती. आम्हाला अशा नऊ जागा सापडल्या. जाळीचे वाकलेले चार फायर बार (लोखंडी पट्ट्या) बदलले.

मग दाराला हवा द्यायचं काम. इथे आमचं चुकलं आणि त्यात आठवडा गेला. वेल्डरकडून दाराला दोन इंचांची चार भोकं पाडून घेतली. थंड हवेचे ढोबळ झोत आत शिरले, आग दबली, प्रेशर उतरलं आणि धूर होता तसाच. हवा गेली होती, पण वायूत मिसळत नव्हती. बाबांनी दार पाहिलं आणि म्हणाले, "चुलीवर फुंकणीने फुंकतात, सुपाने वारा घालत नाहीत." ती भोकं बंद करून अर्ध्या इंचाची बरीच बारीक भोकं पाडली. आतून एक इंच अंतर सोडून दुसरा पत्रा लावला, म्हणजे हवा दोन पत्र्यांमधून तापून मग आत जाईल. बाहेरून फिरणारी चकती बसवली: चकती फिरवली की भोकं उघडतात, परत फिरवली की बंद. ब्रिजच्या विटांमध्येही फटी ठेवून राखखान्यातून थोडी हवा मागे सोडली. यात दाबाखालच्या भागाला कुठेच हात लागला नव्हता. तसा लावायचा असता तर बॉयलर कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागली असती. घरगुती अक्कल कुठवर चालवायची, ही रेघ प्रत्येक अटेंडंटने स्वतः ओढून ठेवावी.

खरी अडचण माणसांची होती. बारा फावडी वीस मिनिटांनी टाकायची त्याऐवजी तीन फावडी दर सहा मिनिटांनी, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दार उघडून पटकन बंद करायचं, चकती तीन मिनिटं उघडी ठेवायची, मग लावायची. धाकटा फायरमन दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "अण्णा, बिडी ओढायलाही वेळ मिळत नाही." त्याचं बरोबर होतं. मे महिन्यात त्या दारासमोर दर सहा मिनिटांनी उभं राहणं म्हणजे काय, ते ऑफिसात बसून कळत नाही. मी साहेबांकडे पाळीला एक जादा माणूस मागितला. ते तयार नव्हते. कोळशाचा हिशेब पंधरा दिवस लिहून दाखवला, तेव्हा माणूस मिळाला. दोघे आलटून पालटून भट्टीवर, तिसरा कोळसा फोडून आणायला. गोटी मुठीएवढी किंवा त्याहून लहान हवी. मोठा ढेपा आतून उशिरा तापतो आणि कोरडा चुरा जाळीतून राखेत पडतो, म्हणून चुऱ्यावर थोडं पाणी शिंपडायचं. भट्टीसमोर भिंतीवर मोठं घड्याळ लावलं.

दीड महिन्याने सर परत आले. आता नमुना फेरीत कधीही घेतला तरी ऑक्सिजन ७ ते ८ टक्क्यांत आणि कार्बन डायऑक्साइड ११ च्या वर. कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाही. कोळसा टाकल्यावर धूर रिंगेलमन १ च्या आसपास दिसायचा आणि अर्ध्या मिनिटात जायचा. रोजचा दीड टन कोळसा तेराशे किलोवर आला. चिमणीतल्या वायूचं तापमान ३१० वरून २५० अंशांवर उतरलं, यातला बराच वाटा नळ्या साफ केल्याचा होता. ढोबळ हिशेब असा की ते २२ अंशांनी खाली आलं की एक टक्का कार्यक्षमता वाढते.

पावसाळ्याने मात्र परीक्षा घेतली. जुलैत शेडमध्ये पाणी शिरलं, कोळसा चिंब झाला आणि चार दिवस चिमणी पुन्हा काळी. आग आधी पाणी आटवण्यात थंड होते, मग वायू पेटायला लागणारी धग उरत नाही. दोन दिवसांचा कोळसा बॉयलरच्या बाजूला, कोरड्या ओट्यावर आणून ठेवायची पद्धत तेव्हा सुरू केली.

वार्षिक तपासणीसाठी बॉयलर थंड करून उघडला तेव्हा मी स्वतः नळ्यांत ब्रश घातला. आदल्या वर्षी त्यातून चिकट काळं, हाताला डांबरासारखं लागणारं निघालं होतं, ते घासताना ब्रश अडायचा. या वेळी करडी, कोरडी भुकटी निघाली, अर्धं घमेलंही भरलं नाही. मी ती चिमूटभर तळहातावर घेतली आणि फुंकली. उडून गेली.

पहाटे भट्टी पेटवतानाचा धूर आम्हाला पूर्ण घालवता आला नाही. विटा थंड असतात, त्याला इलाज नाही. खाली लाकूड आणि वर कोळसा अशी रचना सोडून आम्ही खाली कोळसा आणि वर सुकं लाकूड पेटवायला लागलो, म्हणजे कोळशाचा वायू वरच्या ज्वालेतूनच जातो. अर्ध्या तासाचा धूर दहा मिनिटांवर आला. तो पावणेसहा ते सहाच्या दरम्यान असायचा. एका रविवारी चाळीत जाऊन त्या मावशींना आणि त्यांच्या शेजारणींना मी हे सांगून आलो: सहाच्या आधी कपडे वाळत घालू नका, नंतर कधीही घाला, आणि ठिपका दिसला तर मला गेटवर बोलवा.