आमची वाटचाल : सोलोतली केरिस-पारख

इचलकरंजीहून इंडोनेशियात येणारा माणूस सहसा सूतगिरणीत लागतो. मीही तसाच आलो, मध्य जावातल्या सोलोजवळच्या एका गिरणीत. लग्न इथेच झालं. सासऱ्यांचा गाळा पासार त्रिविंदूत, मांगकुनगारान राजवाड्याशेजारच्या जुन्या बाजारात होता. माल एकच : केरिस, म्हणजे जावाचा पारंपरिक खंजीर. गिरणी सोडून मी गाळ्यावर बसायला लागलो तेव्हा गावाकडे सगळ्यांनी कपाळाला हात लावला.

2005 मध्ये युनेस्कोने केरिसची दखल घेतली आणि हळूहळू गिऱ्हाईक बदललं. जकार्ताचे साहेब लोक यायला लागले. खिशात पैसा, पण पारख नाही. "पाक (म्हणजे साहेब), हा मजापाहितचाच ना?" म्हणजे जावातल्या जुन्या मजापाहित राज्याच्या काळातला. सासरे चहा पाजून फुकट सांगायचे. मी पारखीची फी लावली आणि पारखायला आलेला नग आपण विकत घ्यायचा नाही, असं ठरवलं. "सांगण्याचे कसले पैसे?" म्हणून सासरे बरेच दिवस धुसफुसत होते. पण पारखणारा आणि घेणारा एकच असला, तर त्याच्या शब्दाला काय किंमत राहते? आज घर चालतं ते या फीवर आणि साफसफाईच्या कामावर. विक्री दुय्यम.

वय ठरवण्याला इथे तांग्गुह म्हणतात. पाजाजारान, मजापाहित, माताराम, सुराकार्ता अशा राजवटींच्या घडणीशी पातं ताडून बघायचं. लोखंडाचा पोत, पात्याची ठेवण, गोंजो म्हणजे पात्याच्या बुडाशी बसवलेला आडवा तुकडा, आणि पामोर म्हणजे लोखंड-निकेलच्या घड्यांतून उमटलेली नक्षी. एवढं बघूनही हाती येतो तो अंदाजच. पात्यावर सन कोरलेला असणं फार दुर्मिळ. ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयातल्या क्नाउड केरिसवर शके 1264 आहे, म्हणजे इसवी सन 1342. आपल्या पंचांगातलाच तो शक, पण असा नग आमच्या टेबलावर येत नाही. म्हणून आमच्या कागदावर "मजापाहितचा" असं कधीच लिहिलं जात नाही. "मजापाहित धाटणीचा, कारणं अमुक" असं लिहितो. यावरून बरीच गिऱ्हाइकं रुसून गेली.

एक गृहस्थ मोठी रक्कम मोजून घेतलेला असाच एक "मजापाहित" घेऊन आले. पातं खड्ड्याखड्ड्यांनी खाल्लेलं, बघताक्षणी पुरातन वाटावं असं. भिंगाखाली धरलं तर खड्डे टोकापासून बुडापर्यंत सारखेच. मुठीत लपणारा देठही तेवढाच खाल्लेला. जुनं पातं असं झिजत नाही. धार आणि टोक आधी जातं, बुडाशी जाडी शिल्लक राहते, कोपरे हाताळून गुळगुळीत होतात. हे काम ॲसिडचं होतं. मादुरा बेटावर सुमेनेपकडे आजही लोहारांची गावंच्या गावं केरिस घडवतात. त्यांचं काम वाईट नाही, उलट काही हात तर अप्रतिम आहेत. फसवणूक होते ती नव्या पात्याला म्हातारं करून विकण्यात.

माझ्या मते वयाला लोक उगाच डोक्यावर घेतात. मी आधी घडाई बघतो. वळणं, म्हणजे लुक, नेहमी विषम. ती बुडापासून टोकाकडे एका लयीत निमुळती होतात का? बुडाजवळचा सोंडेसारखा आकडा, कंबांग काचांग, शाबूत आहे का? तो मोडला की किंमत घसरलीच. गोंजो मूळचा की नंतर बसवलेला? 1945 नंतरचे नग कामार्दिकान म्हणून ओळखले जातात. त्यातल्या नामांकित कारागिरांचे नग कोट रुपियाच्या, म्हणजे साधारण पन्नास हजार भारतीय रुपयांच्या, वर सहज जातात आणि झिजलेल्या तीनशे वर्षांच्या पात्याला तेवढे मिळत नाहीत. म्यान, मूठ आणि पातं यांचा भाव आम्ही वेगवेगळा लिहितो. तिमोहो लाकडाचं ठिपकेदार म्यान कधी कधी आतल्या पात्यापेक्षा महाग असतं.

कागदपत्रं असली तर सोनंच. डचांविरुद्ध लढलेला जावाचा राजपुत्र दिपोनगोरो, त्याचा केरिस 2020 मध्ये नेदरलँड्सने परत केला, तेव्हा ओळख पटवायला एकोणिसाव्या शतकातल्या नोंदी कामी आल्या. तरीही नाव आणि घाट जुळतो का, यावर वाद झालाच.

सुरो महिना, म्हणजे आपल्याकडचा मोहरम, हा आमचा सीझन. लेराकने, म्हणजे आपल्या रिठ्याच्या भावंडाने, आणि लिंबाने पातं पांढरं करायचं, मग सोमल आणि लिंबाच्या रसाने पामोर उठवायचं. सोमल विषारी, त्यामुळे हे काम बायको हातमोजे घालून मागच्या अंगणात करते आणि तिकडे कोणाला फिरकू देत नाही.

पुण्या-मुंबईहून "एक जुना पाठवून द्या" असे निरोप येतात. 2010 च्या वारसा कायद्यानुसार पन्नास वर्षांवरचा नग संरक्षित ठरू शकतो आणि तसा ठरलेला नग परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून आम्ही फक्त नवे नग पाठवतो, तेही पावतीवर "नवीन" असं स्पष्ट लिहून.