कूपे की कन्व्हर्टिबल? सोलापुरातला हिशेब

कूपे (पक्क्या छताची दोन दारांची गाडी) आणि कन्व्हर्टिबल (जिचं छत, म्हणजे टप, उघडता येतो ती गाडी) यांची तुलना वाचायला भरपूर मिळते, पण ती सगळी थंड देशांच्या हवेवर बेतलेली असते. तिकडे ऊन पडलं की लोक टप उघडतात. सोलापुरात ऊन पडलं की टप लावून एसी वाढवायचा. गाडीच्या किमतीत एक शून्य जास्त असलं तरी एप्रिलचा सूर्य तोच असतो, म्हणून शोरूमच्या आधी कॅलेंडर बघावं.

मार्चच्या मध्यापासून जून लागेपर्यंत पारा चाळिशीच्या आसपास किंवा वर असतो, मे महिन्यात तो ४३-४४ अंशांनाही टेकतो. या दिवसांत सकाळी नऊनंतर उघड्या गाडीत बसणं म्हणजे डोक्यावर थेट ऊन, तोंडावर झळा आणि सीटच्या काळ्या लेदरचा चटका. जून ते ऑक्टोबर आपल्याकडे पाऊस बेताचाच, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, आणि तो कधी येईल याचा नेम नाही. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी गारवा, स्वच्छ आभाळ, टप उघडायला खरोखर सुंदर दिवस.

पण हाच गाळपाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागे लाल दिवा असेल-नसेल, वाऱ्याबरोबर उडणारं पाचट आणि कारखान्याच्या चिमणीजवळून जाताना अंगावर बसणारी काळी राख. शिवाय मार्केट यार्डाकडे येणाऱ्या कांद्याच्या गाड्या. उघड्या गाडीत पुढच्या ट्रॉलीतून पडलेलं पाचट थेट मांडीवर येतं. म्हणून इथे टप उघडून चालवायची खरी वेळ दिवस उजाडल्यापासून नऊपर्यंत, रस्ता तुळजापूरचा किंवा अक्कलकोटचा, आणि वेग ६० ते ८०. अंधार पडल्यावर टप उघडून हायवेला जाऊ नये. समोरच्या दिव्यांच्या उजेडात विनादिव्याची ट्रॉली आधीच उशिरा दिसते, त्यात डोळ्यांत धूळ गेली तर संपलंच.

असे दिवस वर्षातून किती मिळतील ते स्वतःच्या दिनक्रमाशी ताडून बघा. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठायची सवय असेल तर चाळीस-पन्नास सकाळी मिळतील. सवय नसेल तर दहासुद्धा नाहीत, आणि मग टपाच्या यंत्रणेचं वजन, किंमत आणि देखभाल उरलेले दिवस नुसती वाहायची.

वजनाचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. कूपेचं छत हा गाडीच्या सांगाड्याचाच भाग असतो. पुढचे खांब, छत आणि मागचे खांब मिळून एक बंद पेटी होते. छत काढलं की पेटीचं झाकण जातं आणि सांगाडा पिळला जाऊ लागतो. तो पीळ थोपवायला दाराखालचे सिल आणि काचेचे खांब जाड करावे लागतात, खाली आडवे पट्टे जोडावे लागतात, शिवाय मोटर, पंप आणि टपाचा सांगाडा येतो. पोर्शे ९११ च्या ९९२ पिढीत साधी करेरा कूपे आणि तिचीच कॅब्रिओले (म्हणजे कन्व्हर्टिबल) यांच्यात सुमारे ७० किलोंचा फरक आहे, आणि ताशी ० ते १०० किलोमीटर वेग गाठायला साधारण ०.२ सेकंद जास्त लागतात. ०.२ सेकंद सोलापुरात कुणालाच जाणवणार नाहीत. जाणवतो तो पीळ. आपल्या गल्लीबोळांतले स्पीडब्रेकर उंच आणि बेढब असतात. खालचा भाग घासू नये म्हणून गाडी तिरकी घ्यावी लागते, म्हणजे एका वेळी एकच चाक चढतं. सांगाड्याला सगळ्यात जास्त पीळ नेमका याच क्षणी बसतो. चांगल्या कन्व्हर्टिबलमध्ये आरशात बारीक थरथर दिसते, जुन्या किंवा ठोकलेल्या गाडीत टप जिथे पुढच्या काचेला येऊन बसतो तिथून करकर ऐकू येते. टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत रस्त्यावर देतील. तुम्ही खराब रस्ता मागा, टप लावून, म्युझिक बंद करून, तिरक्या स्पीडब्रेकरवरून. नोज लिफ्टचा पर्याय मिळत असेल तर तो कूपेलाही घ्यावा. ९११ मध्ये त्याने पुढची बाजू सुमारे ४० मिलिमीटर उचलली जाते आणि आपल्याकडे तेवढ्यावर पुढचा बंपर वाचतो.

कन्व्हर्टिबलच घ्यायची ठरली तर पुढचा प्रश्न कापडी टपाचा की पत्र्याच्या. पत्र्याचा घडीचा टप चोरी, मांजर, आवाज या सगळ्यांत बरा, पण डिकी खातो आणि त्यात सांधे जास्त. बीएमडब्ल्यू झी४ च्या २००९ च्या पिढीला तो होता. डिकी ३१० लिटर, टप उघडला की १८०. २०१८ मध्ये आलेल्या पिढीत कंपनी कापडाकडे परतली: डिकी दोन्ही वेळा २८१ लिटर, आणि टप १० सेकंदांत, ताशी ५० किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीतही उघडतो. चार सीटच्या मर्सिडीज सीएलई कॅब्रिओलेचा टप २० सेकंद घेतो, पण ६० च्या वेगापर्यंत चालतो. डिकी ३८५ ची २९५ लिटर होते. हे सेकंद मिरवण्यासाठी नसतात. वळवाचा पाऊस येतो तेव्हा आधी धुळीची वावटळ उठते आणि दोन मिनिटांत थेंब पडायला लागतात. हायवेला ९० ने चाललेल्या गाडीला आधी वेग ५०-६० वर आणावा लागतो, मागे ट्रक असतो. त्यापेक्षा आभाळ भरलेलं दिसताच पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात वळून टप लावावा. रस्त्याच्या कडेला उभं राहून लावू नये.

चार सीटच्या गाडीबद्दल एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. टपाची घडी मागच्या सीटच्या पाठीमागे बसते, म्हणून त्या सीटची पाठ ताठ असते. पुण्यापर्यंतचे अडीचशे किलोमीटर मोठं माणूस तिथे बसू शकत नाही. वारा अडवणारा जाळीचा विंड डिफ्लेक्टर लावला तर तो मागच्या सीटवरच येतो, मग तिथे पिशवीसुद्धा ठेवता येत नाही.

आता कापडी टपाच्या देखभालीकडे येतो, कारण सोलापुरात पैसे इथेच वाया जातात. काळ्या मातीची धूळ अतिशय बारीक असते आणि विणीत शिरून बसते. ती न झाडता टप उघडला की घडीत कापडावर कापड घासतं आणि दोन-तीन हंगामांत घडीच्या रेषेवर ते विरतं. उघडण्याआधी दर वेळी मऊ ब्रशने विणीच्या दिशेने कोरडं झाडायचं. धुताना सावलीत, आधी साधं पाणी, मग कापडी टपासाठीचा सौम्य शाम्पू, मऊ ब्रश, आणि फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारला तर शिवण उसवते आणि कडेच्या रबरामागे पाणी जातं. बोअरचं पाणी जड असतं, वाळल्यावर काळ्या कापडावर क्षाराचे पांढरे डाग उठतात, म्हणून शेवटचं पाणी नळाचं किंवा फिल्टरचं वापरा. नळ काही दिवसांआड येत असेल तर दोन बादल्या राखून ठेवा. कापड पूर्ण वाळल्याशिवाय टप घडी करायचा नाही, ओल्या घडीत बुरशी धरते. वर्षातून दोनदा पाणी झटकणारा स्प्रे द्यावा, एकदा मेच्या शेवटी आणि एकदा दिवाळीनंतर.

रबराच्या पट्ट्या उन्हाने कडक होतात आणि चिकटतात. त्यांना सिलिकॉनचं द्रव्य हलक्या हाताने लावायचं. ग्रीस किंवा व्हॅसलीन लावणारे गॅरेजवाले भेटतात, त्यांना थांबवा. पेट्रोलियमने हे रबर फुगतं.

सगळ्यात महागडा बिघाड सगळ्यात साध्या कारणाने होतो. टपावरून ओघळणारं पाणी दोन्ही बाजूंच्या पन्हळीतून नळीवाटे गाडीखाली जातं. कडुलिंबाची पानं आणि धूळ मिळून त्या नळीत चिखलाचं बूच तयार होतं. पहिल्या मोठ्या पावसात पाणी आत उलटतं, कार्पेटखाली साठतं, आणि काही मॉडेलमध्ये टपाचा पंप किंवा कंट्रोल युनिट नेमकं तिथेच असतं. मेच्या शेवटी दोन्ही पन्हळीत पाव-पाव लिटर पाणी सावकाश ओता. ते गाडीखाली लगेच दिसायला हवं. तुंबलं तर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हळूच आत सरकवा. तार वापरू नका आणि कॉम्प्रेसरची हवाही मारू नका, आतली नळी सांध्यातून निसटते आणि मग आतलं अस्तर उतरवावं लागतं.

टप चालवताना इंजिन सुरू ठेवा, बॅटरीचा दाब पडला की तो अर्ध्यात अडकतो. ज्या गाडीत डिकीतलं सामान आणि टपाची घडी वेगळी ठेवणारा पडदा असतो, तिथे तो जागेवर नसेल तर टप हलणारच नाही. पडद्यावर सामान ठेवलं तर मागची काच फुटू शकते. आणि उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा सावलीत उघडझाप करा.

गाडी रात्री कुठे उभी राहते यावर बाकी सगळं अवलंबून आहे. बंद गॅरेज असेल तरच कापडी टपाचा विचार करावा असं माझं ठाम मत आहे. मांजरांना उबदार कापड फार आवडतं आणि नखांचे ओरखडे निघत नाहीत. उंदीर आतलं अस्तर कुरतडतात. पत्र्याचं शेड दुपारी भट्टीसारखं तापतं आणि त्या तापाने मागच्या काचेची कापडाशी असलेली चिकटवण सुटू लागते. लिंबाखाली सावली असते, पण लिंबोळ्या गळायला लागल्या की चिकट डाग पडतात. ज्यांच्याकडे उघडं पार्किंग आहे, रोज वापर आहे आणि घरात अशी एकच गाडी असणार आहे, त्यांनी बिनधास्त कूपे घ्यावी. तिचं छतही तापतं, पण धुऊन पुसलं की काम संपतं. कूपेच्या काचांना काळी फिल्म लावायच्या भानगडीत मात्र पडू नका, २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून ती कारवाईला आमंत्रण आहे. कंपनीकडूनच उष्णता रोखणारी काच मिळत असेल तर ती मागा.

विम्याबाबत एक काम लेखी करून घ्या. दाव्यात रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. कापडी टप आणि त्याच्या पट्ट्या कंपनी कशात मोजते आणि झिरो डेपमध्ये (घसारा न कापणाऱ्या विम्यात) त्या पूर्ण येतात का, हे ईमेलवर विचारा.

जुनी कन्व्हर्टिबल बघत असाल तर मुंबईच्या दमट हवेतल्या गाडीत नाक वापरा: टप अर्धा उघडून घडीच्या जागेत वास घ्या, कार्पेट उचलून खालचा फोम दाबा, डिकीत पंपाजवळ तेलाचा ओलावा आहे का ते बोटाने बघा. टप सलग तीनदा उघडबंद करा, तिसऱ्यांदा तो मंदावला तर पंप किंवा सिलिंडर थकलेत. हैदराबादची गाडी स्वस्त दिसते, पण तिथल्या आरटीओची एनओसी आणून सोलापूरच्या एमएच-१३ ला नोंदवताना महाराष्ट्राचा कर वयानुसार पुन्हा भरावा लागतो, आणि तिकडे भरलेल्या कराचा परतावा वेगळा अर्ज करून मागावा लागतो. ही रक्कम सौद्याआधी हिशेबात धरा. गाडी फ्लॅटबेडवर आणणार असाल तर टप लावलेला ठेवा आणि वर कव्हर घालू नका. वाऱ्याने फडफडणारं कव्हर वाटेत कापड आणि रंग दोन्ही घासून काढतं.