आई कुवेतला, बाबा बोटीवर: भाचरांना घेऊन लिस्बनला जाताना केलेली कागदपत्रं

वडील बोटीवर, आई आखातात नर्स आणि मुलं आजी-आजोबांकडे, अशी घरं गोव्यात गावोगाव आहेत. आमचं डिचोलीचं घर त्यातलंच. मेच्या सुट्टीत बहिणीच्या दोन्ही मुलांना मी लिस्बनला नेऊन आणलं. भाची १४ वर्षांची, भाचा ११चा. आमचा मामेभाऊ तिथे राहतो, त्यामुळे राहण्याची चिंता नव्हती. खरी तयारी लागली ती कागदांची, म्हणून लिहिते आहे मुख्यतः तेच.

भावजी फेब्रुवारीत बोटीवर चढणार होते. तेव्हा आमची तिकिटं निघाली नव्हती, आणि मुलांबरोबर मी जाणार की माझा भाऊ, तेही ठरलेलं नव्हतं. संमतीपत्रात तर प्रवासाच्या तारखा, देश, सोबतच्या माणसाचा पासपोर्ट नंबर हे सगळं लागतं. भर समुद्रात भावजींना नोटरी कुठून मिळणार? म्हणून निघण्याआधीच त्यांनी आप्पांच्या, म्हणजे मुलांच्या आजोबांच्या नावे मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) केलं: मुलांच्या परदेश प्रवासाला आपल्या वतीनं संमती द्यावी, सोबत कोण जाईल ते ठरवावं आणि त्यासाठी लागणाऱ्या कागदांवर सह्या कराव्यात. पुढे तारखा पक्क्या झाल्यावर आप्पांनी त्या अधिकारानं संमतीपत्र दिलं. थोडक्यात, कागद दोन प्रकारचे. मुखत्यारपत्र आधी, संमतीपत्र नंतर, आणि दोन्ही मूळ प्रती बरोबर.

मुखत्यारपत्र माझ्याच नावे करावं असं काहींनी सुचवलं होतं. ते आम्ही टाळलं आणि तुम्हीही टाळा. जिच्याबरोबर मुलं जाणार तिनंच स्वतःला परवानगी द्यायची, हे कुठल्याही अधिकाऱ्याला खटकणारच. संमती देणारा एक आणि नेणारा दुसरा असला की प्रश्नच उरत नाही.

मजकुरावर वेळ घालवा. नोटरीच्या टेबलावर तयार असतो तो बहुधा जमीनजुमला, बँक, कोर्ट सगळं सामावणारा कुलमुखत्यारपत्राचा नमुना. तो घेऊ नका. एवढ्याच कामापुरतं खास मुखत्यारपत्र करा. मुलांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच, अक्षर न् अक्षर जुळवून लिहा, आणि पासपोर्ट नंबर व जन्मतारखाही घाला. मुखत्याराला सोबतची व्यक्ती नेमता येईल हे स्पष्ट शब्दांत हवं. नाहीतर ‘तुम्हाला अधिकार आहे, पण या बाईंना कोणी दिला?’ असं कोणी विचारलं तर उत्तर नाही. आजारपणात उपचारांना संमती देण्याचं कलम जरूर ठेवा. शेवटची तारीखही घाला. आमच्या कागदावर एक वर्षाची मुदत होती. सगळं इंग्रजीत केलं, म्हणजे भाषांतराचा आणखी एक टप्पा वाचतो.

सही करताना मुखत्यारानं वडिलांची नव्हे, स्वतःचीच सही करायची आणि खाली ‘अमुक यांच्यातर्फे मुखत्यार’ असं लिहायचं. १८८२च्या मुखत्यारपत्र कायद्यात मुखत्याराला स्वतःच्या नावानं सही करण्याची मुभा आहे.

ताईचा कागद वेगळ्या वाटेनं आला. एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून त्यावर लावतात तो सरकारी दाखला म्हणजे अपोस्टिल. कुवेत त्या करारात नाही, म्हणून तिनं तिथल्या भारतीय दूतावासात स्वतः हजर राहून मुखत्यारपत्रावर सही केली आणि मूळ प्रत कुरियरनं पाठवली. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. १८९९च्या मुद्रांक कायद्याचं कलम १८ तेच सांगतं. त्यासाठी कुरियरचं पाकीट फेकू नका, पोचल्याची तारीख त्यावरूनच दाखवता येते.

आता अपोस्टिल. भारत या करारात २००५पासून आहे, पोर्तुगालही आहे. पण दूतावासानं केलेल्या कागदांना हा करार लागूच होत नाही, त्यामुळे ताईच्या मुखत्यारपत्रावर अपोस्टिल मिळवायला धावण्यात अर्थ नव्हता. आप्पांचं संमतीपत्र इथे नोटरी करून, राज्य सरकारचा शिक्का घेऊन, मग विदेश मंत्रालयाची अपोस्टिल घेतली आणि दोन्ही मुखत्यारपत्रांच्या प्रती त्याला जोडल्या. अपोस्टिल फक्त सही-शिक्का खरा आहे एवढंच सांगते, मजकुराची हमी देत नाही. म्हणून मजकूर चोख हवा.

व्हिसासाठी हाच संच दिला. त्याआधी ईमेल करून मुखत्यारानं सही केलेली संमती चालेल का हे लेखी विचारून घेतलं होतं आणि ते उत्तर छापून अर्जाला जोडलं. हे नक्की करा. पोर्तुगालसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, आणि १२ वर्षांखालच्यांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. म्हणजे भाच्याला अर्धी फी, भाचीला पूर्ण. गोव्यातल्या कित्येक आयांची नावं मुलांच्या जन्मदाखल्यावर माहेरची आणि पासपोर्टवर सासरची असतात. ताईचंही तसंच, म्हणून विवाहनोंदणीचा दाखला जोडला.

मोपाच्या विमानतळावर चेक-इनला संमतीपत्र मागितलं, इमिग्रेशनवर भाच्याला विचारलं, ‘ही कोण? आई-बाबा कुठे?’ त्यानं नीट उत्तर दिलं. मुलांना हे आधीच समजावून ठेवा, पण पाठ करून घेऊ नका. लिस्बनला कागद पुन्हा पाहिले. पोर्तुगालच्या कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालचं परदेशी मूल पालकांशिवाय आलं आणि त्यांनी रीतसर अधिकार दिलेलं जबाबदार माणूस तिथे नसेल, तर प्रवेश नाकारता येतो. त्यामुळे फाइल सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.

लिस्बनमध्ये बेलें या भागात जेरोनिमुश मठ पाहिला. वास्को द गामाची कबर तिथेच आहे, आणि मुरगावच्या वास्को शहराचं नाव त्याच्यावरून पडलं हे मुलांना ठाऊक होतं, त्यामुळे दोघंही तिथे बराच वेळ थांबली. एक दिवस तरी बेलेंला द्या, सकाळी लवकर पोचा.

ज्यांची मुलं पोर्तुगालमध्येच राहतात आणि सुट्टीत आजोळी गोव्याला येतात त्यांच्यासाठी: पालकांशिवाय देशाबाहेर पडताना तिथे साक्षांकित सहीचं अधिकारपत्र लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते ६ महिने चालतं आणि लिहिली तरी एक वर्षाच्या पुढे नाही. तेवढ्या मुदतीत ते कितीही वेळा वापरता येतं, म्हणून सुट्टी लागण्याआधी एकदाच पूर्ण वर्षाचं करून घ्या. आणि मुखत्यारपत्र मुदतीआधी रद्द करायचं झालं तर मुखत्याराला लेखी कळवून मूळ प्रत परत मागवा.