न्यूपोर्टची खाडी, कालवं आणि बेचाळीस किलोमीटर

सपाट रस्त्यावरची मॅरेथॉन सोपी असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा सपाट रस्त्यावर सलग तीस किलोमीटर धावून बघावं. चढावर माणूस आपोआप हळू होतो, पोटऱ्या आणि कुल्ल्यांचे स्नायू राबतात. उतारावर मांड्या ब्रेक लावतात आणि बाकीच्यांना जरा सुट्टी मिळते. सपाटीवर ही पाळी बदलतच नाही. तेच स्नायू, तोच कोन, तेच पाऊल, आणि माझ्या वेगाने पूर्ण मॅरेथॉनमध्ये अशी पावलं चाळीस हजारांवर जातात. शिवाय वेळ हुकली तर ‘काय चढ होता हो’ म्हणायचीही सोय नाही.

तरीही पहिली पूर्ण मॅरेथॉन धावायचं ठरलं तेव्हा मी सपाटच निवडली, कारण ती न्यूपोर्टची होती.

न्यूपोर्ट हे अमेरिकेच्या ओरेगन राज्यातलं, पॅसिफिकच्या काठावरचं दहा-एक हजार वस्तीचं गाव. आम्ही राहतो हिल्सबरोला, पोर्टलंडच्या पश्चिमेला. तिथे इंटेलमुळे मराठी घरं बरीच. गाडीने न्यूपोर्ट अडीच-तीन तासांवर. मी मूळची मालवणकडची. न्यूपोर्टला याक्विना नदी समुद्राला मिळते तिथे मोठी खाडी आहे. मुखाशी दीपगृह, धक्क्याला मासेमारीच्या बोटी, ओहोटीला उघडा पडणारा चिखल आणि त्या चिखलाचा वास. पहिल्यांदा गेलो तेव्हा नवऱ्याने नाकाला रुमाल लावला (तो सोलापूरचा), आणि मी मात्र गाडीची काच पूर्ण खाली केली. फरक एवढाच, की इथलं पाणी भर उन्हाळ्यातही असं गार, की घोट्यापर्यंत पाय बुडवले तरी बधिर होतात.

मॅरेथॉन तशी छोटी. मोठ्या शहरांतल्यासारखी लॉटरीची भानगड नाही, आधी येईल त्याला जागा. पैसा जातो गावातल्या हायस्कूलच्या खेळांना, त्यामुळे पाण्याचे पेले घेऊन उभी असलेली पोरंही गावातलीच.

तयारी हिवाळ्यात सुरू झाली. ओरेगनचा पाऊस आपल्यासारखा धो धो पडून मोकळा होत नाही, दिवसभर नुसता रिपरिपत राहतो, आणि डिसेंबरात साडेचारला अंधार. आठवड्यात मधल्या दिवशी छोटे रन आणि शनिवारी लाँग रन. आमच्या ग्रुपमधले बाकीचे टेकड्यांवर जायचे. मी मुद्दाम सोव्ही आयलंडवर जायचे. पोर्टलंडजवळ नदीत असलेलं हे बेट म्हणजे शेतं, भोपळ्यांचे मळे आणि त्यांना वळसा घालणारा सपाट रस्ता. सुमारे बारा मैलांची फेरी. कंटाळा येतो, पण तोच सराव हवा होता. ज्या रस्त्यावर शर्यत, तसाच रस्ता पायांना आधीपासून माहीत असलेला बरा.

पण तिथेच डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. आराम केला, बर्फ लावला, बूट बदलले, तरी सातव्या-आठव्या मैलाला कळ हजर. शेवटी फिजिओथेरपिस्टने बूट नाही, रस्ता कसा आहे ते विचारलं. डांबरी रस्ता आपल्याला सपाट दिसतो, पण पाणी वाहून जावं म्हणून तो मधे उंच आणि कडेला उतरता बांधलेला असतो, साधारण दोन टक्के. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून आपण कायम डाव्या कडेने धावतो (अमेरिकेत गाड्या उजवीकडून), म्हणजे डावा पाय सतत खालच्या बाजूला पडतो. तासन् तास एका कुशीवर कललेल्या होडीत बसल्यासारखंच ते. मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा पट्टा ताणून ताणून दुखायला लागतो. मग लाँग रनचा बराच भाग मी सायकलींच्या वेगळ्या वाटेवर हलवला आणि कुशीवर झोपून पाय उचलायचे व्यायाम टीव्हीसमोर सुरू केले. ते इतके कंटाळवाणे आहेत की मालिका परवडली. महिनाभराने कळ गेली. सपाट मॅरेथॉन धावणाऱ्या कुणालाही मी आधी हे सांगते, बुटांचं नंतर.

दुसरं प्रकरण खाण्याचं. हिशेब सोपा आहे: दर किलोमीटरला शरीराच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी जळते. माझ्या वजनाला बेचाळीस किलोमीटरचे अडीच हजार होतात. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर दोन हजारांच्या आसपास. उरलेली वाटेत खायची, नाहीतर तिसाव्या किलोमीटरच्या पुढे पाय सिमेंटचे होतात. म्हणून सगळे जेल खातात, म्हणजे पुडीतला साखरेचा घट्ट पाक. जेलचं माझं जमेना, ती चिकट गोडी दोन तासांनी तोंडातच नकोशी होते. मग अर्धी जेल, अर्धा खजूर, आणि मधूनमधून मीठ लावलेली उकडलेल्या बटाट्याची फोड, असं शनिवारी करून करून बसवलं. पोटालाही सराव लागतो, तो शर्यतीच्या दिवशी देता येत नाही.

सकाळच्या न्याहारीला मात्र शोध लावायची गरज पडली नाही. पेज! उकड्या तांदळाची, मऊ, मिठाची. पोटाला हलकी, पाणी आणि मीठ त्यातच आलं, आणि दोन तासांत पचून मोकळी. ग्रुपमधल्या एका गोऱ्या मैत्रिणीने थर्मासमध्ये डोकावून विचारलं, हे कुठल्या कंपनीचं? तिला एक वाटी दिली. पुढच्या शनिवारी ती आपला रिकामा थर्मास घेऊन आली.

जूनच्या सुरुवातीचा शनिवार होता. आदल्या दिवशी कोर्व्हालिसवरून वीस नंबरच्या हायवेने न्यूपोर्टला उतरलो. हा रस्ता न्यूपोर्टला संपतो, म्हणजे तिथूनच सुरूही होतो, आणि त्याचं दुसरं टोक थेट बॉस्टनला आहे. अमेरिकेतला सगळ्यात लांब हायवे. गावातून बाहेर पडताना पाटीच लावली आहे: बॉस्टन ३३६५ मैल. न्यूपोर्टची वेळ बॉस्टन मॅरेथॉनच्या पात्रतेसाठी धरतात, आणि सपाट म्हणून बरेच जण त्यासाठीच येतात. त्यामुळे त्या पाटीखाली फोटो काढणारे बारीक अंगाचे, घड्याळाकडे सतत बघणारे लोक ओळखू येतात. माझा त्या पाटीशी काही संबंध नव्हता. मला साडेचार तासांच्या आसपास पोचायचं होतं, आणि शेवटी चालायचं नव्हतं.

सकाळी दीपगृहापाशी धुकं आणि गारठा. १८७१ साली बांधलेलं हे लाकडी दीपगृह म्हणजे डोक्यावर दिवा घेतलेलं घरच. तीन वर्षांत ते बंद केलं, कारण उत्तरेला याक्विना हेडवर दुसरं, उंच दीपगृह उभं राहिलं होतं. सुरुवातीचे काही मैल गावातून, नाय बीचच्या बाजूने, आणि तिथे थोडे चढउतार आहेतच. एका किनाऱ्यावरच्या गावाकडून आणखी किती सपाटीची अपेक्षा करणार. मग रस्ता खाडीच्या धक्क्यावर उतरतो. डोक्यावर याक्विना बे ब्रिज, १९३६ चा, कमानींचा, हिरवट. धक्क्यावर खेकडे आणि मासळीच्या कंपन्या, बर्फाचं पाणी रस्त्यावर वाहिलेलं, आणि खालच्या तराफ्यांवर एकमेकांच्या अंगावर लोळणारे सी लायन. त्यांचं भुंकणं असं, की प्रोत्साहनाला वेगळी माणसं लागू नयेत. त्या ओल्या रस्त्यावरून मी जरा जपूनच गेले.

गाव मागे पडलं आणि खाडीचा रस्ता सुरू झाला. इथून पुढे खरोखर सपाट. उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला फर आणि स्प्रूसचा डोंगर, मधे रस्ता. ओहोटी होती. चिखलात बगळ्यासारखे राखी पक्षी एका पायावर, जुन्या धक्क्यांचे काळे खांब, त्यांना चिकटलेल्या शिंपा. इथेच घाई होते. पाय ताजे, हवा थंड, रस्ता हाक मारतो. मी घड्याळ मैलाला सव्वादहा मिनिटांवर धरून ठेवलं होतं. माझ्या पुढे गेलेल्या माणसांची पाठ दिसत होती, आणि त्यातल्या कितीजणांची पुन्हा भेट होणार ते मनात मोजत होते. हा थोडा दुष्टपणा आहे, पण त्याने वेळ बरा जातो.

अकराव्या मैलाला कालवं.

या मॅरेथॉनची ख्याती त्यासाठीच. रस्त्याच्या कडेला ऑयस्टर फार्म आहे, १९०७ पासूनचं. याक्विना खाडीतली कालवं १८६० च्या दशकात जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोला जायची, इतकी की मूळची छोटी जात पार ओरबाडली गेली. आता जास्त करून मूळची जपानची मोठी पॅसिफिक जात वाढवतात. टेबलावर छोट्या प्लॅस्टिकच्या पेल्यांत सोललेलं कच्चं कालव आणि वर लाल तिखटसर सॉस. बहुतेक रनर मान फिरवून पुढे जातात, पोटाची भीती. काही जण थांबून एकामागून एक रिचवतात, त्यांना वेळेचं काही पडलेलं नसतं. मी एक पेला उचलला. फोर्क नाही, काही नाही, सरळ तोंडात. थंड, खारट, गुळगुळीत, आणि दाताखाली आल्यावर गोडसर. दोन तास जेलच्या साखरेने चिकटलेल्या तोंडाला ते मीठ असं लागलं की मी दुसराही उचलला. पोटाने काही तक्रार केली नाही. पण मी लहानपणापासून खडकावरची कालवं कोयत्याने फोडून खात आलेय, माझ्या भरवशावर कुणी धावत्या पोटी प्रयोग करू नये.

पंधराव्या मैलाच्या पुढे वळसा आणि त्याच रस्त्याने परत. वळताक्षणी वारा तोंडावर आला. या किनाऱ्यावर उन्हाळ्यात वारा वायव्येचा. आत दरीतली जमीन तापली की दहा-अकराच्या सुमाराला समुद्रावरून जोर धरतो. जाताना तो पाठीवर होता, म्हणून जाणवलाच नाही, आपण फार छान धावतोय एवढंच वाटलं. परतीला तो आणि खाडीची सगळी वळणं समोर. सपाट रस्त्याचा चढ तो हाच. बेताच्या अंगाच्या बाईला एवढ्या वाऱ्यात वेग टिकवायचा तर जास्त दम घालावा लागतो, आणि तो विसाव्या मैलाच्या आधी घालून चालत नाही. मग एका धिप्पाड माणसाच्या मागे लागले. दाढीवाला, साठीच्या पुढचा. त्याला मागे कुणी आहे ते कळलं, मान न वळवता म्हणाला, ‘स्टे देअर, आय ॲम ए बार्न.’ तीन-चार मैल मी त्या गोठ्याच्या आडोशाला होते. कालवांचा ठेला परत आला तेव्हा दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

बाविसाव्या मैलाला माझ्या गोठ्याने चालायला सुरुवात केली आणि हातानेच ‘जा’ म्हणून खूण केली. पुढचे मैल वाईट होते. मांड्यांचा पुढचा भाग लाकूड झालेला, आणि रस्ता तसाच, अगदी तसाच. एखादा छोटा चढ असता तर बरं झालं असतं, निदान दुसरं काहीतरी दुखलं असतं. मी रस्त्याच्या मध्याकडे सरकून धावत होते, गुडघ्याच्या भीतीने, आणि गुडघ्याने खरंच साथ दिली. प्रत्येक वळणावर पूल दिसेल असं वाटायचं आणि प्रत्येक वळणानंतर आणखी एक वळण निघायचं. शेवटी कमानी दिसल्या. शेवट खाडीकाठच्या एंबार्काडेरो हॉटेलच्या आवारात. साडेचार तासांच्या वर थोडी मिनिटं गेली, पण चालले नाही.

नवऱ्याने पाणी हातात दिलं आणि विचारलं, ‘अगं, बसायचंय?’ बसले असते तर उठवायला क्रेन लागली असती.

संध्याकाळी आईला फोन केला. मालवणात पहाट होती. किती धावलीस ते तिने ऐकून घेतलं, त्यावर काही बोलली नाही. कालवांचं सांगितलं तेव्हा मात्र जागी झाली. ‘कच्ची कालवां खाल्लंस गो? आणि मगे धावलंस?’ मग थोडा विचार करून, ‘लिंबू तरी पिळलल्यानी काय?’

कुणाला अशी किनाऱ्यावरच्या लहान गावातली शर्यत करायची असेल तर नावनोंदणीच्या आधी खोली बघा. गावात मोटेल मोजकीच असतात आणि त्या शनिवार-रविवारला भाव चढतात. खोली तळमजल्यावरचीच मागा. आमची दुसऱ्या मजल्यावर होती, लिफ्ट नव्हती, आणि रविवारी सकाळी मी जिना उलट्या पावलांनी, कठडा धरून उतरले. खालून वर येणारी दोन माणसंही तशीच कठडा धरून होती.