ताजं ताक, ताजी सोलकढी

शुक्रवारी चारला टीवायचं लेक्चर संपलं की मी थेट कुडाळ स्टेशन गाठते, संध्याकाळची तुतारी, सकाळी दादर, शनिवार-रविवार लॅब आणि सोमवारी दुपारी परत वर्गात. तिसरं वर्ष चालू आहे हे. घरचे, शेजारचे, स्टाफरूममधले सगळे एकच सांगतात, अगो रजा घे नि उरकून टाक ती पीएचडी.

रजा मिळाली असती तर घेतलीही असती. असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला 16 तास शिकवायचं असतं, ते एक वेळ जमतं, पण पेपर तपासणं, इंटर्नलचे मार्क भरणं, नॅकच्या म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फाइली यात दिवस कुठे जातो कळत नाही आणि रात्री जेवणं आवरून लॅपटॉप उघडला की डेटा बघायला डोकंच शिल्लक नसतं. या वाटेला नवीन कुणी येत असेल तर त्याला मी हे आधी सांगेन.

पण यंदा जे झालं ते वर्गात नसते तर झालंच नसतं.

माझा विषय म्हणजे वाचताना मेंदू पुढच्या शब्दाचा अंदाज कसा बांधतो. 1980 साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलियार्ड यांनी दाखवलं की वाक्यात अर्थाला न जुळणारा शब्द आला की तो दिसल्यापासून साधारण 400 मिलिसेकंदांनी ईईजीत, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत नोंदीत, एक निगेटिव्ह लाट दिसते, तिला एन400 म्हणतात. "आजीने गरम भातावर खडू वाढला" वाचताना खडूपाशी ती मोठी होणार. पुढे हेही कळलं की शब्द चुकीचाच असायला हवा असं नाही, तो जितका अनपेक्षित तितकी लाट मोठी. मग अपेक्षित शब्द कुठला हे ठरवायला क्लोझ टेस्ट घेतात, अर्धं वाक्य द्यायचं, पुढचा शब्द लोकांनी भरायचा, किती जणांनी तोच भरला ते मोजायचं.

ती टेस्ट मी माझ्याच वर्गात घेतली. यादीत एक वाक्य होतं, "भरपेट जेवल्यावर काकांनी पेलाभर ताजं..." माझ्या मते उत्तर ताक. कागद परत आले तर बहुतेकांनी सोलकढी लिहिलेलं, आणि कित्येकांनी "ताजं" खोडून वर पेनाने "ताजी" केलेलं. "मॅडम, हय जेवल्यार ताक कोण पिता?" एकाने विचारलंच. हे वाक्य तसंच वापरलं असतं तर ज्या शब्दाला लाट लहान यायला हवी तिथेच या मुलांचा मेंदू दचकला असता आणि मी महिनाभर आकडे घेऊन बसले असते.

वर्ग सुटल्यावर कधीच न बोलणारी एक मुलगी कागद घेऊन टेबलापाशी आली. म्हणाली, मॅडम, ताजं वाचल्यावरच मला कळलं की सोलकढी येणार नाही, मग पुढचा शब्द बघायच्या आधीच मी अडले ना?

हाच तर सगळा प्रश्न आहे! विशेषणाच्या लिंगापाशीच मेंदूला धक्का बसतो का, हे डच भाषेत तपासलंय, 2005 चा पेपर आहे, मी तो वाचलाय, वर्गात सांगितलाय, तरी माझ्या स्वतःच्या यादीत ते मला दिसलं नव्हतं. आता गार, आंबट, लाल अशी न बदलणारी विशेषणं एका गटात आणि ताजं-ताजी वाली दुसऱ्या गटात असा वेगळा प्रयोगच मांडलाय. गाइडनाही पटला.

मे महिन्यात लॅबचं ईईजीचं पोर्टेबल मशीन इथे आणून पायलट केलं. डोक्याला खोबरेल लावून येऊ नका असं चार वेळा सांगितलं होतं, तरी निम्मी मुलं तेल चोपडूनच आली, इलेक्ट्रोड नीट लागेना, वर हवेत इतका दमटपणा की घामाने सिग्नल हळूहळू सरकत राहायचा. मग शाम्पू, पंखा, पुन्हा जेल. पण कुणीही कंटाळून उठून गेलं नाही, आपल्या डोक्यातल्या रेघा स्क्रीनवर हलताना बघायला दाराशी रांग होती. डोळे मिटल्यावर अल्फा लहरी वाढतात हे मी दर वर्षी फळ्यावर खडूने काढून दाखवते, यंदा ते त्यांनी एकमेकांच्या डोक्यावर बघितलं.

नवीन यादी त्याच मुलीला वाचायला दिलीये. काल तीन वाक्यांभोवती गोल करून परत आणून दिली तिने, आणि त्यातली दोन खरंच बदलावी लागणार आहेत.